सू ची यांची सुटका, लोकशाहीची आशा आणि तुरुंगाच्या किल्ल्या

पश्चिमवारा (धागाकर्ती)

एखाद्या राजवटीने आपल्या सर्वांत प्रसिद्ध राजकीय कैद्याला सोडले, की त्या देशात लोकशाही येऊ घातली आहे असे मानणे कितपत योग्य आहे? हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे, म्हणून हा धागा काढते आहे. माझ्यासमोर उदाहरण आहे ते म्यानमारचे, म्हणजे आपल्या आजीआजोबांच्या ब्रह्मदेशाचे.

१३ नोव्हेंबर २०१० रोजी संध्याकाळी यांगूनमध्ये इन्या तलावाकाठच्या घरासमोरचे अडथळे पोलिसांनी हटवले आणि लोकशाही चळवळीच्या नेत्या आंग सान सू ची फाटकापाशी आल्या. बाहेरच्या गर्दीतून कोणीतरी फूल पुढे केले, ते त्यांनी केसांत माळले. १९८९ पासूनच्या एकवीस वर्षांपैकी सुमारे पंधरा वर्षे त्या स्थानबद्धतेत होत्या. जगभर आनंद झाला आणि तो आनंद खरा होता. मात्र त्याच्या सहाच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, लष्कराने आपल्याला हवी तशी निवडणूक उरकून घेतली होती, सू ची यांच्या पक्षाने तिच्यावर बहिष्कार घातला होता आणि दोन हजारांहून अधिक राजकीय कैदी त्या संध्याकाळीही तुरुंगातच होते. या तिन्ही गोष्टी बातम्यांमध्ये होत्या. आपण मात्र छायाचित्राकडे पाहत राहिलो.

पुढे २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला प्रचंड यश मिळाले, २०१७ मध्ये रोहिंग्यांचे शिरकाण झाले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सगळीच सत्ता हाती घेऊन सू ची यांना पुन्हा बंदिवासात टाकले. माझे मत असे आहे, की २०१० मध्ये आपण चुकीचा प्रश्न विचारला. ‘त्या सुटल्या का?’ याऐवजी ‘ज्या कायद्याने त्यांना कोंडले तो कायदा रद्द झाला का?’ असे विचारायला हवे होते. आपणांस काय वाटते?

सह्यवाट

धागा काढल्याबद्दल आभार. तुमच्या प्रश्नाला दक्षिण आफ्रिकेच्या उदाहरणाने मोठा आधार मिळतो. नेल्सन मंडेला ११ फेब्रुवारी १९९० रोजी सुटले हे सर्वांना आठवते. पण त्याआधी नऊ दिवस, २ फेब्रुवारीला, राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्यावरील बंदी उठवल्याचे जाहीर केले होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहते. म्हणजे आधी संघटना मोकळी झाली, मग माणूस मोकळा झाला. म्यानमारमध्ये क्रम उलटा होता : माणूस मोकळा झाला, आणि संघटना मात्र त्या वेळी कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती, कारण निवडणुकीसाठी नोंदणी न केल्यामुळे ती विसर्जित ठरवली गेली होती.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९८५ मध्ये मंडेला यांना हिंसेचा मार्ग सोडण्याच्या अटीवर सुटका देऊ केली गेली, तेव्हा त्यांनी ती नाकारली. त्यांची मुलगी झिंडझी हिने सोवेटोमधील जाबुलानी स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर ते उत्तर वाचून दाखवले. त्याचा आशय असा, की माझ्या लोकांची संघटना बंदीत असताना मला कसले स्वातंत्र्य देऊ करता. वाटाघाटी मोकळी माणसेच करू शकतात, कैद्यांना करार करता येत नाहीत. पुढची पाच वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. कैद्यानेच आपल्या सुटकेची किंमत ठरवावी, असे उदाहरण विरळा.

सरिताकाठ

सह्यवाट यांना अनुमोदन. परंतु सू ची यांनीही अट नाकारलीच होती ना? देश सोडून जा, तत्काळ मोकळ्या व्हाल, असे लष्कर त्यांना सांगत होते. एकदा गेल्या की परत येऊ देणार नाहीत हे ओळखून त्या राहिल्या. त्यांचे ब्रिटिश पती मायकेल एरिस कर्करोगाने आजारी होते. त्यांना अखेरच्या भेटीसाठी व्हिसा मिळाला नाही आणि मार्च १९९९ मध्ये ते इंग्लंडमध्ये वारले. त्या वेळी सू ची स्थानबद्धही नव्हत्या. विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा होता, आणि त्या गेल्या नाहीत. पुढे काय झाले त्यावरून त्या त्यागाचे मोल कमी करू नये, एवढेच म्हणणे आहे.

न्यायतुला

वकिलीच्या पेशात असल्याने धाग्यातील मूळ प्रश्न थोडा ताणून पाहतो.

पश्चिमवारा म्हणतात की कायदा रद्द झाला का ते पाहावे. सू ची यांना ज्या कायद्याखाली वर्षानुवर्षे स्थानबद्ध ठेवले तो १९७५ चा राज्यसंरक्षण कायदा होता. आरोप नाही, खटला नाही, केवळ सरकारला धोका वाटतो म्हणून माणसाला घरात कोंडायचे, अशी त्याची रचना. तो कायदा मे २०१६ मध्ये, त्यांच्याच पक्षाच्या संसदेने रद्द केला. त्याच वर्षी १९५० चा आणीबाणीचा कायदाही गेला. म्हणजे तुमची कसोटी म्यानमारने पार केली होती! तरीही २०२१ घडले.

म्हणून मी कसोटी बदलून मांडतो : किल्ल्या कोणाकडे आहेत? २००८ ची घटना पाहा. संसदेच्या दोन्ही सभागृहांत एक चतुर्थांश जागा सरसेनापतीने नेमलेल्या गणवेशधारी सदस्यांसाठी राखीव. घटनेची महत्त्वाची कलमे बदलण्यासाठी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक मते लागतात. म्हणजे लष्कराच्या संमतीशिवाय स्वल्पविरामही हलवता येत नाही. संरक्षण, गृह आणि सीमा व्यवहार या तीन खात्यांचे मंत्री सरसेनापती सुचवणार. गृहखात्याकडे पोलीस आणि तुरुंग दोन्ही. सू ची २०१६ ते २०२१ या काळात सत्तेवर होत्या तेव्हाही इन्सेन तुरुंगाचा अधीक्षक शेवटी एका जनरलच्या हाताखाली काम करत होता. आणि ज्यांचा जोडीदार किंवा मुले परदेशी नागरिक आहेत त्यांना राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही, हे कलम ५९ (च) कोणाकडे बघून लिहिले होते हे सांगायला नको.

ही घटना संमत कशी झाली तेही आठवावे. २ मे २००८ च्या रात्री नर्गिस चक्रीवादळाने इरावतीचा त्रिभुज प्रदेश उद्ध्वस्त केला, मृत आणि बेपत्ता मिळून १,३०,००० हून अधिक माणसे गेली, आणि १० मे रोजी, प्रेते अजून पाण्यात असताना, लष्कराने उरलेल्या देशात सार्वमत घेतले. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचा होकार आहे असे जाहीर झाले.

इरावती

न्यायतुला यांच्या विवेचनातील एकही वाक्य मला नाकारता येत नाही, तरी त्यातून जे चित्र उभे राहते ते अपुरे आहे असे म्हणेन. कामानिमित्त मी काही वर्षे यांगूनमध्ये राहिले आहे. बाहेरून ‘फसवी सुटका’ म्हणणे सोपे आहे. तिथल्या माणसांच्या रोजच्या जगण्यात त्या सुटकेनंतर काय बदलले ते मी पाहिले आहे.

ऑगस्ट २०१२ मध्ये छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती उठली. एप्रिल २०१३ पासून खासगी दैनिके पुन्हा निघू लागली. जवळजवळ पन्नास वर्षे ती नव्हती. २०१४ मध्ये नव्या दूरध्वनी कंपन्या आल्या आणि आधी शेकडो डॉलर मोजावे लागत ते सिमकार्ड १,५०० च्याटला, म्हणजे शंभरेक रुपयांना मिळू लागले. आमच्या कार्यालयाजवळच्या चहाच्या टपरीवर गुडघ्याएवढ्या उंचीची प्लास्टिकची स्टुले असत. तेथे बसणारे एक वयस्क गृहस्थ सुरुवातीला वृत्तपत्राची घडी मांडीवर ठेवून, पहिले पान आत दुमडून वाचत. वर्षभराने तेच गृहस्थ तेच पान शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवू लागले. ८ नोव्हेंबर २०१५ ला मतदान झाले, तेव्हा रस्त्यात जो तो शाई लागलेली करंगळी दाखवत होता. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंनी दोन दिवस त्या हाताने भांडी घासायचे टाळले, शाई लवकर जाऊ नये म्हणून.

हे सगळे २००८ च्या घटनेच्या चौकटीतच घडले, हे मान्य. परंतु त्या दहा वर्षांत जी मुले मोठी झाली त्यांना भीतीची सवय लागली नाही. २०२१ मध्ये रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजवणारी, आणि सरकारी रुग्णालयांतून काम थांबवून असहकार सुरू करणारी पिढी हीच. सुटकेने लोकशाही आली नाही, पण लोकशाहीची चव माहीत असलेली माणसे तयार झाली, आणि त्याची किंमत लष्कराला अजून मोजावी लागते आहे.

मुक्तछंदा

मला येथे तीव्र मतभेद नोंदवायचा आहे. आतापर्यंतच्या प्रतिसादांत रोहिंग्यांचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक माणसे राखाईनमधून बांगलादेशात पळाली. गावे जाळली गेली. ते लष्कराने केले, हे खरे. पण डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गांबियाने दाखल केलेल्या खटल्यात देशाच्या बाजूने उभे राहायला कोण गेले? सू ची स्वतः गेल्या. त्यांना कोणी सक्ती केली नव्हती.

आणि धागा राजकीय कैद्यांचा आहे, तर वा लोन आणि चॉ सो ऊ या रॉयटर्सच्या दोन पत्रकारांचे काय? इन दिन गावात दहा रोहिंग्या पुरुषांना मारून पुरले गेले, त्याचा शोध ते घेत होते. पोलिसांनीच जेवायला बोलावून कागद हातात दिले आणि बाहेर पडताच अटक केली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली ती एका माजी राजकीय कैदी बाईंच्या सरकारच्या काळात. पाचशेहून अधिक दिवस ते आत होते. मे २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या माफीने सुटले. न्यायतुला, किल्ल्या जनरलच्या हाती होत्या हे मी मानते, पण माफीचा अधिकार सू ची यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांकडे होता. तो दीड वर्ष का वापरला नाही?

सुटका झालेल्या व्यक्तीकडे आपण संत म्हणून पाहू लागलो, हीच त्या आशेतली मोठी खोट होती.

न्यायतुला

मुक्तछंदा, तुमचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. माफी लवकर देता आली असती आणि द्यायलाच हवी होती. सत्तेवर येताच पहिल्या आठवड्यात, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच सरकारने शिक्षणविषयक आंदोलनातील कितीतरी विद्यार्थ्यांना सोडले होते. म्हणजे इच्छा असली की मार्ग निघत होता.

त्या दोघांवर जो कायदा लावला तो शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा, म्हणजे इंग्रजांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश एकाच कारभाराखाली असताना केलेला. तो आपल्याकडेही आहे. म्यानमारची दंडसंहिता ही मुळात आपलीच १८६० ची भारतीय दंडसंहिता. कलमांचे क्रमांकसुद्धा बरेचसे तेच. २०२१ च्या सत्तापालटानंतर दोन आठवडे होण्याच्या आत लष्कराने त्यात ‘५०५ अ’ हे नवे कलम घातले आणि त्याखाली हजारो लोकांना पकडले.

येथे को नी यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते सू ची यांच्या पक्षाचे कायदेविषयक सल्लागार, धर्माने मुस्लिम. राष्ट्राध्यक्षपद अडवणाऱ्या कलमाला वळसा घालून सू ची यांच्यासाठी ‘राज्य समुपदेशक’ हे पद साध्या कायद्याने निर्माण करण्याची युक्ती त्यांच्या नावावर सांगितली जाते, आणि घटना बदलण्याच्या कामात ते गुंतले होते. २९ जानेवारी २०१७ रोजी यांगूनच्या विमानतळाबाहेर, नातवाला कडेवर घेऊन उभे असताना, त्यांना मागून गोळी घालण्यात आली. मारेकऱ्यामागे धावलेला एक टॅक्सीचालकही मारला गेला. लष्कराने ज्या घटनेत स्वतःला बांधून घेतले होते तिचे टाके उसवणारा माणूस असा गेला. मार्च २०२० मध्ये घटनादुरुस्तीचे प्रस्ताव संसदेत मताला आले तेव्हा गणवेशधारी सदस्यांनी ते पाडले.

जुनाजाणता

वयाने या धाग्यावर बहुधा मीच मोठा असेन. आपल्याकडचा अनुभव सांगतो, कारण तो या प्रश्नाशी थेट भिडतो.

आणीबाणीत माझे वडील मिसाखाली, म्हणजे विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली, एका मध्यवर्ती कारागृहात होते. त्यांची पोस्टकार्डे येत त्यांवर तपासणीचा शिक्का असे, आणि काही ओळींवर शाईचा जाड पट्टा फिरवलेला असे. आई ते कार्ड खिडकीशी उजेडात धरून पट्ट्याखालची अक्षरे लागतात का ते पाही. १८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या आणि मोठमोठे नेते सुटू लागले. वडील घरी आले त्या रात्री आमच्या वाड्यात कोणी झोपले नाही. परंतु आणीबाणी उठलेली नव्हती! मिसाही होता. जॉर्ज फर्नांडिस तर तुरुंगात असतानाच मुझफ्फरपूरहून निवडून आले. आणीबाणी अधिकृतपणे उठली ती २१ मार्चला, निकाल लागल्यावर.

त्या दोन महिन्यांत आम्ही जी आशा धरली ती सुटकेवर नव्हती, मतपेटीवर होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघीही तुरुंगवास भोगून आलेल्या. मुंबईने दोघींना लोकसभेत पाठवले. पुढे १९७८ मध्ये ४४वी घटनादुरुस्ती झाली. ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम कारणावरून आणीबाणी लावण्याची सोय गेली, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला आवश्यक झाला, आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरले. सुटलेल्या कैद्यांनी सत्तेवर येऊन आपल्याला कोंडणारे दार भिंत घालून बंद केले. सू ची यांना ते करता आले नाही.

सह्यवाट

काका, प्रतिसाद फार आवडला. एकच पुस्ती. आपल्याकडे परतायला जागा होती. १९७५ पूर्वी पाच सार्वत्रिक निवडणुका झालेल्या, लष्कर बराकीत, न्यायालये डळमळली तरी उभी. ब्रह्मदेशात जनरल ने विन यांनी २ मार्च १९६२ रोजी सत्ता घेतली तेव्हापासून प्रत्येक संस्थेत लष्कर मुरत गेले. १९९० मध्ये निवडणूक घेतली, सू ची यांच्या पक्षाला ३९२ जागा मिळाल्या, आणि ती संसद कधी भरलीच नाही. मतपेटीवर आशा ठेवायची तर पेटी उघडल्यावर निकाल पाळणारा कोणी लागतो.

जुनाजाणता

मान्य आहे. निकाल पाळला जाईल का, हे त्या वेळी आम्हालाही ठाऊक नव्हते. रेडिओला कान लावून बसलो होतो. पण पाळला गेला, आणि त्याचे श्रेय केवळ नशिबाला देऊन चालणार नाही.

हर्णैबंदर

ब्रह्मदेश आणि राजकीय कैदी म्हटल्यावर रत्नागिरीचा माणूस गप्प कसा बसेल! ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून पदच्युत करून १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले, आणि तीस वर्षांनी, १९१६ मध्ये, तो येथेच वारला. त्याची सुटका कधी झालीच नाही. उलट दिशेने लोकमान्यांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवले. जून १९१४ मध्ये ते पुण्याला परतले.

धाग्याच्या प्रश्नाशी जुळणारा भाग पुढे आहे. टिळक सुटले, पण राजद्रोहाचे कलम १२४ अ जागेवर होते. १९१६ मध्ये होमरूलवरील भाषणांसाठी त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी कारवाई पुन्हा झालीच. मुंबई उच्च न्यायालयात जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि तो आदेश रद्द झाला. सुटका झाल्यावर दोन वर्षांत तेच राज्य, तीच भाषणे, तोच आरोप.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. हे स्वतः माजी जनरल. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी मिन को नाइंग यांच्यासह १९८८ च्या विद्यार्थी चळवळीतील अनेक कैद्यांना सोडले होते.

सरिताकाठ

हर्णैबंदर, ही सांगड माहीत नव्हती. धन्यवाद. भारताच्या भूमिकेविषयी कोणीच लिहिलेले नाही. सू ची दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात शिकल्या, त्यांच्या आई भारतात राजदूत होत्या. आणि तरीही १९९० च्या दशकात आपण लष्कराशी जुळवून घेतले.

पश्चिमवारा

सरिताकाठ, बरे झाले आठवण केलीत. जुलै २०१० मध्ये, म्हणजे सुटकेच्या चारच महिने आधी, म्यानमारचे तेव्हाचे लष्करी सत्ताधीश जनरल थान श्वे यांचे दिल्लीत स्वागत झाले आणि त्यांनी राजघाटावर पुष्पचक्रही वाहिले. सू ची नोव्हेंबर २०१२ मध्ये दिल्लीला आल्या तेव्हा नेहरू व्याख्यानात त्यांनी, अवघड काळात भारत आमच्यापासून दूर गेला याचे दुःख झाले, अशा अर्थाचे सौम्य शब्दांत सांगितले. सीमेवरील बंडखोर, चीनचा वाढता वावर, नैसर्गिक वायू, ही कारणे मला समजतात. पण ज्यांना आपल्याकडून आधाराची अपेक्षा होती त्यांना आपण तो दिला नाही, हे त्या कारणांनी पुसले जात नाही.

डोंगरदऱ्या

मी ऐझॉलमध्ये नोकरीला आहे, म्हणून थोडेसे. दिल्लीने काय केले ते तुम्ही लिहिलेत. मिझोरमने काय केले तेही लिहायला हवे. मार्च २०२१ मध्ये सीमेवरून येणाऱ्यांना रोखा, असे केंद्राचे पत्र आले. राज्य सरकारने ते मानले नाही, कारण तिआऊ नदीपलीकडचे, म्हणजे म्यानमारमधले, चिन लोक आणि अलीकडचे मिझो लोक एकमेकांना भाऊबंद मानतात. चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि गावोगावची घरे यांनी हजारोंना सामावून घेतले. आलेल्यांत चिन राज्याचे पदच्युत मुख्यमंत्रीही होते आणि २०२० मध्ये निवडून आलेले प्रतिनिधीही. झोखावथारच्या शिबिरात मला एक शिक्षिका भेटल्या. त्यांनी बांबूच्या शेडमध्ये बर्मी, मिझो आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांचे वर्ग सुरू केले होते. ‘परत जायचे आहे, म्हणून बर्मी विसरू देत नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या.

मुक्तछंदा

डोंगरदऱ्या, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

इरावती, तुमच्या मुद्द्यावर विचार करत होते. दहा वर्षांत भीतीची सवय मोडली हे मी स्वीकारते, आणि एक गोष्ट त्यात घालते. २०२१ नंतर तिथल्या कित्येक तरुणांनी समाजमाध्यमांवर रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. आपल्या गावावर लष्कर चालून आले तेव्हा त्यांना २०१७ समजले. ही समज सू ची यांच्यामुळे आली नाही, त्यांना मागे टाकून आली. मला आशा वाटते ती येथे.

इरावती

मुक्तछंदा, सहमत आहे.

मूळ प्रश्नाकडे परत येते. विन टिन यांच्याविषयी लिहायचे राहून गेले होते. हे ज्येष्ठ पत्रकार, सू ची यांच्यासह पक्षाचे संस्थापक. १९८९ पासून एकोणीस वर्षे तुरुंगात. त्यांना कागद मिळत नसे, तेव्हा विटांची पूड करून ती शाईसारखी वापरून ते भिंतीवर लिहीत. सप्टेंबर २००८ मध्ये सुटले तेव्हा कैद्याचा निळा सदरा त्यांनी उतरवला नाही. शेवटचा राजकीय कैदी बाहेर येईपर्यंत निळाच सदरा घालीन, असे त्यांनी ठरवले आणि एप्रिल २०१४ मध्ये निधन होईपर्यंत पाळले. सू ची यांच्यावर ते उघड टीका करत. लष्कराशी त्या फार मवाळपणे वागतात असे त्यांचे म्हणणे होते. पश्चिमवारा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या माणसात दिसते. कोण सुटले हे त्यांनी मोजलेच नाही, आत कोण उरले एवढेच ते मोजत राहिले.

न्यायतुला

आणि ते मोजण्याचे काम आजही चालते. माजी कैद्यांनीच २००० मध्ये थायलंडच्या सीमेवर माई सोत येथे राजकीय कैद्यांना साहाय्य करणारी एक संघटना काढली. नाव, अटकेची तारीख, कलम, तुरुंग, शिक्षा अशी नोंद ते प्रत्येकाची ठेवतात. २०२१ नंतर त्यांच्या यादीतील कैद्यांचा आकडा वीस हजारांच्या पुढे गेला. राजवटी सणासुदीला सामूहिक माफी जाहीर करतात, हजारो कैदी सोडल्याची बातमी येते, आणि ही संघटना यादी पडताळून सांगते की त्यांत राजकीय कैदी मूठभरच होते, बाकीचे चोरीमारीच्या गुन्ह्यांतले. सू ची यांची एकूण तेहेतीस वर्षांची शिक्षा २०२३ मध्ये सहा वर्षांनी कमी केली गेली तीही अशाच एका माफीत.

पश्चिमवारा

सर्वांचे आभार. माझी कसोटी एका कायद्यापुरती होती; न्यायतुला यांनी ती किल्ल्यांपर्यंत नेली, आणि इरावती व मुक्तछंदा यांनी माणसांपर्यंत. उद्या म्यानमारमध्ये सू ची यांना किंवा आणखी कोणाला सोडल्याची बातमी आली तर मी आनंद मानेनच, पण त्याच दिवशी ती माई सोतची यादी उघडून बसेन, आणि गृहखाते कोणाकडे आहे ते पाहीन.

जुनाजाणता काका, एक विनंती आहे. ४४व्या घटनादुरुस्तीवर, आणि विशेषतः ती होण्यासाठी सुटून आलेल्या लोकांनी जनता पक्षाच्या आत किती भांडणे केली त्यावर, आपण स्वतंत्र धागा काढावा.

जुनाजाणता

काढतो. वडिलांनी सुटल्यावर लिहिलेल्या दोन वह्या आहेत, त्या आधी चाळून घेतो. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येत नाही असे ज्यात ठरले त्या जबलपूर खटल्याचा भाग न्यायतुला यांनी सांभाळावा, न्यायमूर्ती खन्नांच्या भिन्नमतासकट; तो माझ्या आवाक्यातला नाही.

न्यायतुला

जरूर. रविवारपर्यंत मसुदा पाठवतो.